सॉविनच्या रात्री बाबांचं नाव घ्यावं का?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुमच्या लक्षात येईल.

तुम्ही साताऱ्याच्या, दोन वर्षांपासून ब्रिस्टलमध्ये. शेजारच्या निवृत्त नर्सबाई ड्रुइड आहेत, म्हणजे ब्रिटनमधल्या प्राचीन ड्रुइड पुरोहितांच्या नावाने चालणाऱ्या निसर्गपूजक वाटेवरच्या, आणि त्यांनी ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्यांच्या गटाच्या सॉविन या सणाला तुम्हाला बोलावलंय. यजमानांना हा जादूटोण्याचा प्रकार वाटतो. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "धर्म बदलतेस की काय?" चुलतभावाने फॉरवर्ड पाठवलाय की ड्रुइड म्हणजे मुळात द्रविड, आपलेच लोक. हा खरोखर प्राचीन धर्म आहे का, गेलं तर चालेल का, आणि सात वर्षांच्या मुलीला न्यावं का, असं तुम्ही विचारता. आणि अगदी शेवटी एक ओळ: बाबा फेब्रुवारीत गेले, तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं, अग्नी मोबाइलवर पाहिला.

मला वाटतं, खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. सॉविनला गेलेल्या माणसांची नावं घेतात, हे शेजारणीने तुम्हाला सांगितलं असणार. परक्या मुलखात, परक्या रीतीने, अनोळखी माणसांमध्ये बाबांचं नाव मोठ्याने घेतलं तर त्यांच्याशी आणि घराशी प्रतारणा होईल का, हे तुमच्या मनात आहे. त्याचं उत्तर देतेच, पण वाटेत बाकीचे प्रश्न लागतात, म्हणून क्रमाने जाऊ.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. सॉमरसेटमध्ये सव्वीस वर्षं झाली आणि ड्रुइड वाटेवर २००५ पासून आहे. आमचा चौदा-पंधरा जणांचा गट आहे. गटाला इथे ग्रोव्ह म्हणतात, म्हणजे राई. आमच्या गावाला देवराई होती, त्यामुळे तो शब्द मला पहिल्या दिवसापासून घरचा वाटला. माझं देवघर आजही आहे, गणपती दरवर्षी बसतो.

आता प्राचीनतेबद्दल. ड्रुइड नावाची माणसं दोन हजार वर्षांपूर्वी गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, आणि ब्रिटनमध्ये होती, हे नक्की. ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात त्यांच्याबद्दल लिहिलं: ते न्यायनिवाडा करतात, यज्ञबळी देतात, विद्या लिहून ठेवत नाहीत, काही शिष्य वीस-वीस वर्षं पाठांतर करतात, आणि आत्मा मरत नाही, एका देहातून दुसऱ्यात जातो असं शिकवतात. नंतर प्लिनी या रोमन लेखकाने त्या प्रसिद्ध दृश्याचं वर्णन केलं: पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड ओकवर चढून सोन्याच्या विळीने मिसलटो कापतो. मिसलटो म्हणजे आपलं बांडगूळच. आपल्याकडे ती शिवी, त्यांच्याकडे ते सर्वांत पवित्र. आणि ओकवर ते फार क्वचित उगवतं, म्हणूनच त्याचं अप्रूप. इ.स. ६०-६१ च्या सुमारास रोमन सैन्याने वेल्सजवळच्या अँगलसी बेटावर हल्ला केला आणि तिथल्या पवित्र राया तोडल्या. हे लिहिणारे सगळे जिंकणाऱ्या बाजूचे. ड्रुइडांनी स्वतः लिहिलेलं एक अक्षरही आपल्यापर्यंत आलेलं नाही. सीझरने नरबळीचाही उल्लेख केलाय, तो मी लपवत नाही. शत्रूने लिहिलंय हे ध्यानात ठेवून तो वाचायचा.

त्यानंतर मोठी पोकळी आहे. गुरूकडून शिष्याकडे अखंड चालत आलेली परंपरा कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. स्टोनहेंजचंही तसंच. तिथले मोठे दगड इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमारास उभे राहिले, म्हणजे सीझरच्या ड्रुइडांच्याही दोनेक हजार वर्षं आधी. ते ड्रुइडांचं देऊळ आहे ही कल्पना सतराव्या शतकात जॉन ऑब्रीने मांडली आणि १७४० मध्ये विल्यम स्टुकलीच्या ग्रंथाने ती लोकांच्या डोक्यात पक्की बसवली.

आज आम्ही जे करतो त्याचा पाया योलो मॉर्गनुग या माणसाने घातला. खरं नाव एडवर्ड विल्यम्स, वेल्समधल्या ग्लॅमॉर्गनचा पाथरवट आणि कवी. २१ जून १७९२ ला लंडनच्या प्रिमरोझ हिलवर त्याने मूठभर मंडळी जमवून, खडे वर्तुळात मांडून कवींची सभा भरवली, तिला गोर्सेद म्हणतात. ही प्राचीन ड्रुइडांची अखंड रीत आहे, जुन्या हस्तलिखितांतून मला मिळाली, असं तो सांगे. ती हस्तलिखितं बरीचशी त्याने स्वतः रचली होती, हे विसाव्या शतकात वेल्श अभ्यासकांनी दाखवून दिलं. तरी त्याची गोर्सेद आजही वेल्सच्या राष्ट्रीय साहित्यसंमेलनात भरते. अर्धी तलवार म्यानाबाहेर काढून तीनदा विचारतात, "शांतता आहे का?" लोक "शांतता" म्हणाले की मगच कवीचा सन्मान होतो.

त्याने लिहिलेली प्रार्थना आम्ही प्रत्येक सणाला म्हणतो. देवाकडे संरक्षण मागायचं, संरक्षणात बळ, बळात समज, समजेत ज्ञान, ज्ञानात न्यायाची जाण, त्यातून न्यायावरचं प्रेम, आणि तिथून सगळ्या सृष्टीवरचं प्रेम. हा बनावट कागद म्हणून फेकून द्यायचा का? मी यावर बरीच वर्षं विचार केलाय. योलोने लबाडी केली, ती लबाडीच. पण प्रार्थनेचं वय खोटं असलं तरी तिच्यात मागितलेलं मागण्याजोगं आहे. आमच्या गटात नवीन माणूस आला की मी पहिल्याच दिवशी योलोची गोष्ट सांगते. ती ऐकूनही ज्याला थांबावंसं वाटतं, तो टिकतो.

पुढचा टप्पा अगदी अलीकडचा. १९६४ मध्ये रॉस निकोल्स या शिक्षक-कवीने ऑर्डर ऑफ बार्ड्स, ओव्हेट्स अँड ड्रुइड्स ही संस्था काढली. निकोल्स १९७५ मध्ये गेले, काम थंडावलं, आणि १९८८ मध्ये फिलिप कार-गॉम यांनी टपालाने शिकवायचा अभ्यासक्रम सुरू करून ते पुन्हा उभं केलं. मीही तोच केला. बार्ड म्हणजे गाणं-गोष्ट-काव्य, ओव्हेट म्हणजे झाडंझुडपं, औषधी आणि पूर्वजांशी नातं, आणि मग ड्रुइड, अशा तीन पायऱ्या. वर्षाचे आठ सणही या रूपात १९५० च्या दशकापासूनचे: दोन अयनं, दोन विषुवं आणि त्यांच्यामधले चार. त्यातला सॉविन हा नोव्हेंबरच्या तोंडावरचा, हिवाळा सुरू होतानाचा. सॉविन हे नाव आणि तो दिवस मात्र खरोखर जुना आहे, मध्ययुगीन आयरिश कथांमध्ये तो ठळक येतो.

थोडक्यात, शब्द प्राचीन, काही सण जुने, विधी गेल्या सव्वादोनशे वर्षांतला आणि संस्था आपल्या आयुष्याच्या आसपासच्या.

चुलतभावाच्या फॉरवर्डचं उत्तर सोपं आहे. ड्रुइड आणि द्रविड यांचा संबंध नाही. उच्चार जवळचा, एवढंच. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या काही इंग्रज लेखकांनीच ड्रुइड म्हणजे भारतातून आलेले ब्राह्मण अशी मांडणी केली होती, तीच फिरून आपल्याकडे आलीय. खरी गोष्ट मला त्याहून गोड वाटते. ड्रुइड या शब्दाचा पहिला भाग म्हणजे झाड, विशेषतः ओक, आणि दुसरा भाग म्हणजे जाणणं. संस्कृतमध्ये द्रुम आणि देवदारमधला दारु त्याच मुळातून आलेत, विद्येतला विद्‌ही. काही अभ्यासक पहिल्या भागाचा अर्थ "पक्कं" असा लावतात, पण मूळ तेच. म्हणजे भाषा चुलत बहिणी आहेत. बहिणीच्या घरी आपली साडी सापडली म्हणून ते घर आपलं होत नाही, पण तिथे चहाला जाता येतं.

आता सासूबाईंचा प्रश्न. धर्म बदलावा लागत नाही. एक ग्रंथ नाही, एक प्रमुख नाही, नाव कापून दुसऱ्या वहीत लिहायचं नाही. आमच्याच गटात एक जण रविवारी चर्चला जातो, दोघी देवीउपासक आहेत, एक निवृत्त भूगोलशिक्षक देव मानतच नाही. प्रार्थनेत "देव" येतो तिथे ज्याने-त्याने आपला शब्द घालायचा. मी "गजानना" म्हणते. कायद्याच्या बाजूने बघायचं तर २०१० मध्ये इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनने द ड्रुइड नेटवर्क या संस्थेला धर्मकार्य करणारी संस्था म्हणून मान्यता दिली. माणसं थोडी आहेत: २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये चार हजारांच्या आसपास लोकांनी आपला धर्म ड्रुइड लिहिला होता.

पण हे सगळं गटावर अवलंबून असतं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गटात जात होते. तिथल्या शिकवणाऱ्या गृहस्थांनी मला सांगितलं की घरातली मूर्ती काढल्याशिवाय "इथल्या भूमीचे देव" तुला स्वीकारणार नाहीत. मी पुन्हा गेले नाही. त्यानंतर कितीतरी महिने मी एकटीच टेकडीवर जाऊन बसायचे, आणि खरं शिकणं तेव्हाच झालं. म्हणून शेजारणीला आधी मोकळेपणाने विचारा: किती जण असतात, चालवतं कोण, पैसे घेतात का, नुसतं कडेला उभं राहिलं तर चालतं का, यजमानांना बरोबर आणता येईल का. या शेवटच्या प्रश्नावर कुणी कचरलं तर जाऊ नका. यजमान आले तर त्यांच्या मनातला जादूटोणा अर्ध्या तासात निघून जाईल. बघण्यासारखं गूढ तिथे काही नसतं.

मग असतं काय? मागच्या वर्षीचा सॉविन सांगते. घड्याळं मागे गेलेली असतात, पावणेपाचला सूर्य मावळतो. शेताच्या बांधावरून ओल्या गवतातून आम्ही वर गेलो. वर्तुळात उभे राहिलो, मध्ये लोखंडी घमेल्यात विस्तव. एकेका दिशेला तोंड करून एकाने विचारलं, इथे शांतता आहे का, आणि सगळ्यांनी उत्तर दिलं. तीनदा "आवेन" म्हटलं. वेल्शमध्ये आवेन म्हणजे स्फूर्ती. लांब श्वासावर आ-ऊ-एन असं म्हणतात, आणि ओंकार ऐकत वाढलेल्या कानाला ते पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. मग नावं. कुणी फक्त एक नाव घेतं, कुणी पाच. प्रत्येक नावानंतर सगळे गप्प. नाव घेणारा एक छोटी काटकी विस्तवात टाकतो. एका आजींनी नवऱ्याचं नाव घेतलं आणि काटकी हातातच धरून राहिल्या, मिनिटभर तरी. कुणी खाकरलं नाही, कुणी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. त्यांनी स्वतः खाली वाकून ती टाकली, तेव्हा पुढचा बोलला. शेवटी पाव आणि मधाची दारू फिरवली, पहिला घोट जमिनीला. गाणी झाली. मी तुकोबांचा अभंग म्हटला, अर्थ इंग्रजीत सांगितला. एवढंच.

आमच्या यादीत एक झाडही आहे. ज्या ॲशखाली आम्ही बारा वर्षं जमत होतो, त्याला मर लागली. ब्रिटनमध्ये ही बुरशी २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडली आणि त्यानंतर देशभरातले ॲश वाळत चाललेत. आमच्या झाडाचा शेंडा आधी विरळ झाला, मग फांद्या कोरड्या पडल्या, आणि शेवटी जमिनीच्या मालकाने ते रस्त्यावर पडू नये म्हणून उतरवलं. त्याने बरोबरच केलं. आम्ही आदल्या दिवशी जाऊन खोडाला हात लावून आलो. दर सॉविनला त्याचंही नाव घेतो.

तिथे जाल तेव्हा झाडांना रिबिनी बांधलेल्या दिसतील, म्हणून एक विनंती. कॉर्नवॉलमध्ये मॅड्रनच्या झऱ्याजवळ चिंध्या बांधायची जुनी रीत आहे: चिंधी कुजली की दुखणं गेलं. आता लोक नायलॉन बांधतात. आमच्या टेकडीवरच्या एका हॉथॉर्नच्या फांदीत गुलाबी रिबीन इतकी रुतली होती की दोन्ही बाजूंची साल फुगून तिच्यावर ओठासारखी मिटत आली होती. नखं कापायच्या कात्रीने तिचा एकेक धागा सोडवायला मला अर्धा तास लागला, खाली फांदीला पांढरा करकोचा पडलेला. आपण वडाला सुती दोरा गुंडाळतो, तो पावसाळ्यात कुजून जातो. बांधायचंच असेल तर सुताचा दोरा न्या, सैल बांधा. नाही बांधलं तर अधिक चांगलं.

आता बाबांकडे येते. आणि त्याआधी एका माणसाची ओळख करून देते, कारण त्याच्यामुळे मला इथे मोकळं वाटलं.

डॉ. विल्यम प्राइस, वेल्समधले वैद्य, स्वतःला ड्रुइड मानणारे, डोक्याला कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घालणारे. जानेवारी १८८४ मध्ये त्यांचा पाच महिन्यांचा मुलगा गेला. त्या वेळी प्राइस ८३ वर्षांचे होते. त्यांनी लान्त्रिसंट गावच्या टेकडीवर रविवारी संध्याकाळी त्याला अग्नी दिला. ब्रिटनमध्ये तेव्हा प्रेत पुरायचं, जाळणं म्हणजे पाप. लोक धावून आले, लेकराचं शव आगीतून ओढून काढलं, प्राइसना अटक झाली. कार्डिफला खटला चालला. न्यायाधीश होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन, आपल्याकडचा १८७२ चा पुरावा कायदा रचणारे तेच. त्यांनी निकाल दिला की इतरांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नाही. मार्चमध्ये प्राइसनी मुलाचं दहन पुरं केलं. त्या निकालानंतर वाट मोकळी झाली आणि १९०२ मध्ये दहनाचा कायदा आला. १८९३ मध्ये प्राइस स्वतः त्याच टेकडीवर अग्नीत गेले, हजारोंच्या गर्दीसमोर. लान्त्रिसंटच्या चौकात त्यांचा पुतळा आहे, ब्रिस्टलहून तासाभराच्या अंतरावर. जाऊन बघा.

प्राइसच्या खटल्याआधी चौदा वर्षं, १८७० मध्ये, कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना इटलीत फ्लोरेन्सला वारले, तेव्हा त्यांच्या माणसांनी खास परवानगी मिळवून अर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला. त्यांची छत्री तिथे अजून आहे. परक्या मुलखात आपल्या माणसाचं शेवटचं नीट व्हावं, यासाठी माणसं पूर्वीही धडपडली आहेत. मी दोन्ही ठिकाणी जाऊन आलेय आणि दोन्हीकडे मला आईची आठवण आली. माझी आई गेली तेव्हा मीही इथेच होते.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: जा, आणि बाबांचं नाव घ्या. सॉविन म्हणजे श्राद्ध नव्हे आणि श्राद्धाची जागाही तो घेत नाही. पितृपक्षात घरचे जे करतील ते होऊ द्या, जमेल तेव्हा तुम्हीही करा. सॉविनला एक वेगळीच गोष्ट मिळते. फेब्रुवारीपासून तुमचं दुःख या देशात कुणी पाहिलेलं नाही; ते मोबाइलच्या पडद्यापलीकडे घडलं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेलात, असं तुम्ही लिहिलंय. तिथे दहा-पंधरा माणसं तुमच्या वडिलांच्या नावासाठी थांबतील. त्यात मला प्रतारणा कुठे दिसत नाही. सासूबाईंनाही असंच सांगा, की बाबांची आठवण काढायला जातेय. त्यांना कळेल.

मन मानत नसेल तर नाव मनातल्या मनात घ्या, काटकी टाका, पुरे. पहिल्या वर्षी मी तेवढंच केलं होतं. आणि ऐन वेळी न जावंसं वाटलं तर नका जाऊ. घराजवळचं एक झाड निवडा, आठवड्यातून एकदा त्याच्याजवळ वीस मिनिटं बसा, वर्षभर. आमच्या वाटेचा बराचसा भाग तोच आहे.

सात वर्षांच्या मुलीला न्यायचं का, हे तिलाच विचारून ठरवा. अंधार, थंडी आणि मेलेल्यांची नावं तिला झेपतील का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा कळतं. आजोबांचा फार लळा असेल तर तिलाही काटकी टाकावीशी वाटेल. घाबरट असेल तर जूनमधला सण बरा, तेव्हा उजेड असतो आणि मुलं खेळतात.

बाकी तयारी: गमबूट, कानटोपी, टॉर्च. मधाची दारू नको असेल तर पेला पुढे द्या किंवा घोटभर जमिनीवर ओता, कुणी विचारत नाही. नाव पूर्ण घ्या, बाबांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव आणि गावासकट, मराठीतच. खायला सगळे काही ना काही आणतात, तुम्ही बाबांना आवडायचं ते न्या. साताऱ्याचे कंदी पेढे इथे कुठले, पण घरी केलेले लाडू चालतील. फक्त शेंगदाण्याचे करणार असाल तर शेजारणीला आधी विचारा, गटात कुणाला ॲलर्जी असू शकते.